गोळीचं नाव

जेवत्या ताटावरून उठून जाणारं माणूस माझ्या मनातून उतरतं. रागानं उठो, फोनसाठी उठो, नाहीतर पोटात कळ आली म्हणून उठो, उठायचं तर तोंडानं सांगून उठावं, ही आमच्या घरची रीत. ती मी कुणाकडून शिकलेली नाही, मीच घातलेली आहे. आमची सून त्या रविवारी उठली ती अक्षर न बोलता. हातातला घास परत ताटात ठेवला, खुर्ची मागे सारली, गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेचं दार. म्हणजे आम्हाला तिची पाठ दिसत होती आणि तिला आमचं काही ऐकू येत नव्हतं. आणि हे कधी, तर माझ्या मुलीनं, म्हणजे तिच्या नणंदेनं, आपल्याला दिवस गेल्याचं नुकतंच सांगितलं होतं तेव्हा. जावयाचे कान लाल झाले होते, माझा मुलगा त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता, मी पाण्याचा जग भरायच्या निमित्तानं आत जाऊन तोंड धुऊन आले होते. मुलगी सांगत होती की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिटची गोळी अजिबात सोडायची नाही, बाळंत होईपर्यंत घ्यायची आणि नंतरही घ्यायची, आपली नेहमीचीच, आणि ती गोळीचं नाव घेणार तेवढ्यात ही उठली. नाव मुलीच्या ओठातच राहिलं. सगळ्यांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग गॅलरीकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, जेवा, ताटं वाळताहेत. पण ताटापेक्षा माझ्या मुलीचं तोंड जास्त वाळलेलं होतं.

दुसरी कुणी अशी उठली असती तर मी म्हटलं असतं, नणंदेचं सुख बघवलं नाही बाईला, आणि विषय संपवला असता. पण आमच्या सुनेचं कामच ते. ज्या बायांना फिट येतात आणि ज्या पोटुशी असताना गोळ्या घेतात, त्यांच्या पोरांचं पुढं काय होतं, ह्याचं संशोधन करणारी एक संस्था आहे, तिथं ती नोकरीला आहे. बायांची नावं त्या पोटुशी असतानाच लिहून घेतात, अधूनमधून फोन करून विचारतात, पोर झालं की बघतात, आणि पोर चालायला-बोलायला लागलं की त्याला आमच्या सुनेसमोर आणून बसवतात. ही त्याला ठोकळे रचायला लावते, चित्रं दाखवते, गोष्ट सांगते आणि तीच गोष्ट त्याच्याकडून परत ऐकते. म्हणून मी तिला मास्तरीण म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. बोलणं तिचं मोजकं. नवी नवी आली तेव्हा मी मुलाला विचारलं होतं, ही आपणहून बोलते की हिला किल्ली द्यावी लागते? कामातलं तर एक अक्षर घरी काढत नाही. मी विचारलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा, की काय गं, कोणत्या गोळीनं पोरांना इजा होते आणि कोणतीनं होत नाही? तर उत्तर ठरलेलं, आई, मला नाही सांगता यायचं. नाही सांगता यायचं म्हणजे माहीत आहे पण सांगणार नाही, असंच कुणीही समजेल. मीही समजले. मी लाँड्री चालवते. गिऱ्हाइकांच्या खिशांत काय काय निघतं ते मी पेठभर सांगत फिरत नाही, त्यामुळं तोंड मिटून बसण्याची किंमत मला कळते, आणि खरं सांगायचं तर तिचं एवढंच मला आवडायचं. पण खिसा परक्याचा असतो. इथं घरच्या लेकीच्या पोटातला जीव होता. अशा वेळी ज्या बाईला सगळ्या गोळ्यांची कुंडली ठाऊक, ती गोळीची गोष्ट निघताच घास टाकून उठते, ह्याचा अर्थ कुणाला पंचांग उघडून सांगावा लागत नाही.

थोड्या वेळानं ती आत आली, ताटावर बसली आणि गार झालेलं सगळं निमूट जेवली. तिला कुणी काही विचारलं नाही. हीदेखील आमच्या घरची रीत, पहिल्या रीतीचीच शेपटी. माझे मालक हयात असताना त्यांना ताटावरून उठायची खोड होती. भाजीत मीठ कमी, उठले. मुलानं उलट उत्तर केलं, उठले. आणि मग कुणीतरी मागे जाऊन विनवायचं, काय झालं, कुणाचं चुकलं, या ना. सुरुवातीला मी जायची. नंतर एक दिवस मुलांना सांगितलं, जो न सांगता उठला त्याला कुणी विचारायचं नाही, आपण होऊन सांगेपर्यंत. मालक दोनदा उपाशी झोपले आणि खोड सुटली. मालक गेले, पण रीत राहिली. तेव्हा त्या रविवारी सूनबाई जेवली, मुलानं जावयाशी लिफ्टच्या गोष्टी काढल्या, जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दोघं दोरखंडाबद्दल इतकं बोलले की जणू दोरखंड नसते तर जग खाली आलं असतं. आणि निघताना मुलगी जिन्यात माझ्या कानाशी म्हणाली, वहिनी उठली ते पाहिलंस? मी म्हणाले, पाहिलं, तिला काहीतरी ठाऊक आहे. एवढंच म्हणाले. ती जिना उतरताना कठडा धरून उतरली, एरवी कधी धरत नाही.

हे सगळं मी आठवते आहे ते दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसून. दुपार आहे, फरशी नुकतीच पुसली आहे आणि तिचा वास नाकात बसलाय. इथल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, एकीवर कुणी पाय हलवला की सगळी रांग थरथरते. टोकाचा एक माणूस मघापासून गुडघा हलवतोय. त्याला मी एकदा सांगितलं, तो ओशाळून थांबला, आणि परत त्याचा गुडघा सुरू. असू दे, त्याचंही कुणीतरी आत असेल. माझं आत आहे ते आज सकाळपासून. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिकडे जाता जाता माझ्या लाँड्रीत डोकावली होती. तिचा धुतलेला स्वेटर मागच्या दांडीवर होता. बोलत बोलत ती कोटांखालून वाकून आत गेली, आणि बोलणं मध्येच तुटलं. मला वळून बघायची गरज नव्हती. तो आवाज मला ठाऊक आहे. ती किंकाळी नसते, छातीतली हवा कुणी पिळून बाहेर काढावी तसा तो असतो. पडताना तिचा हात दांडीला लागला, दांडी निसटली आणि लोकांचे कोट प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट तिच्या अंगावर कोसळले. खाली ती हलत होती आणि वर कोट हलत होते, रिकाम्या बाह्या फडफडत होत्या, प्लॅस्टिक करकरत होतं. परक्याचा कोट मी जन्मात कधी जमिनीला लागू दिला नाही. आज मी ते दोन्ही हातांनी उपसून फेकले. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कुणाचा तरी भारीतला कोट सारला. काउंटरवर एक बाई उभी होती ती चमचा मागायला लागली, दातांत घालायला. मी तिच्यावर खेकसले. दातांत काही घालायचं नसतं, हे मी लोकांना किती वर्षं सांगत आले आहे, तरी प्रत्येक वेळी कुणीतरी चमचा घेऊन उभं असतंच. आणि एवढं सगळं नीट केल्यावर, मान, जीभ, श्वास सगळं बघून झाल्यावर, माझा हात आपोआप तिच्या पोटाकडे गेला. ह्याआधी कधी जायची गरज पडली नव्हती. गोळीनं फिट दारातच बांधून ठेवलेली होती, लग्नानंतर एकदाही आली नव्हती. मग आज दावं कुणी सोडलं, हा विचार मी रुग्णवाहिकेत बसले तेव्हा आला.

पहिली फिट आली तेव्हा मी तिची वेणी घालत होते. तिन्ही पेड माझ्या बोटांत होते, शाळेचं दप्तर तिच्या मांडीवर, आणि केस एकदम माझ्या हातातून ओढले गेले. मला वाटलं, हट्ट करतेय. मी तिला दटावलं, सरळ बस. पुढं जे झालं ते मी सांगणार नाही, ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं पाहिलं नाही त्यानं पाहू नये. मग डॉक्टर झाले, डोक्याला तारा लावून झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि सगळे सोयरेधायरे सल्ला द्यायला आले. बाहेर बोलू नका, मुलीची जात आहे, लग्नाला अडेल. मी म्हटलं, माझ्या मुलीला फिट येते, ती काही कुणाच्या घरात चोरी करून आलेली नाही. जावयाकडची माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यांनी खुर्चीला पाठ टेकवण्याआधी मी सांगितलं की मुलीला फिट येतात, रोज गोळी घेते, ऐकून घ्या आणि मग बसा. ती बसली. तेव्हा लपवाछपवी माझ्याकडून कधी झाली नाही. माझ्याकडून झालं ते वेगळं. मी बघायला लागले. डोळ्यात तेल घालून म्हणतात ना, तसं. ती जेवताना चमचा तोंडाशी नेता नेता थांबली की माझा घास थांबायचा. खिडकीतून बाहेर बघत राहिली की मी हाक मारायची. वाक्य अर्धं सोडून गप्प झाली की मी, तिचा भाऊ, तिचे वडील, तिघंही एकाच वेळी तिच्याकडे मान वळवायचो. ती म्हणायची, आई, मी नुसती विचार करत होते गं. सगळी माणसं करतात. मला मात्र तिच्या पापणीच्या प्रत्येक उघडझापीत फिट दिसायची. नसलेली दिसायची. जी गोष्ट मनात आधीच घर करून बसते ती डोळ्यांना दिसतेच, डोळे काय, सांगकामेच. पुढं पुढं ती माझ्यासमोर विचार करायचीच बंद झाली. सारखी हलती राहायची, बोलती राहायची, आणि दमून जायची.

मग ही मास्तरीण घरात आली. तिला सगळं सांगूनच आणली होती. पहिल्याच आठवड्यात कधीतरी जेवताना मुलगी दुकानातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायला आलेल्या, आणि सांगता सांगता थांबली. चमचा हवेत. आमच्या तिघांच्या, नाही, तेव्हा मालक नव्हते, आमच्या दोघांच्या माना वळल्या. मी खुर्चीवरून अर्धी उठलेसुद्धा. आणि ही नवी मुलगी आपला घास चावत तिला म्हणाली, मग? पुढं काय केलं त्यानं? मुलगी हसली आणि म्हणाली, तेच आठवतेय. आणि तिनं पुढं सांगितलं. मी खाली बसले. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. मुलगी आमच्याकडे यायची ती वहिनीशेजारी बसायची, आणि वहिनीशेजारी बसली की मध्येच गप्प व्हायची, खुशाल, हवं तितका वेळ. मला राग यायचा. जिनं रात्रीचा दिवस केला तिच्यासमोर बोलत राहायचं आणि काल आलेलीसमोर गप्प बसायचं, हा कुठला न्याय? पण गप्प बसलेली मुलगी छान दिसायची, हेही खरं. आणि म्हणूनच त्या रविवारी तिच्या उठण्याचा घाव खोल गेला. जी कधी मान वळवून बघत नाही ती पाठ फिरवून गेली.

मघाशी आत काय झालं ते सांगते. मुलगी शुद्धीवर आली, अंग दुखतंय म्हणाली, जीभ थोडी चावली गेलीय, बाकी ठीक. डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. पत्र्यावरून घोडं पळावं तसे ते ठोके. जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग बाईंनी विचारलं, गोळी घेत होतीस ना? आणि मुलगी सरळ म्हणाली, नाही. आधी अर्धी केली, मग बंद केली. जावई वळला. त्याला ठाऊक नव्हतं, रोज त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास तोंडाला लावायची आणि गोळी हातातच ठेवायची. बाई ओरडल्या नाहीत, त्या स्टूल ओढून बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. पूर्वीची जी गोळी होती ती पोटातल्या बाळाला वाईट, म्हणूनच लग्न ठरल्यावर ती काढून ही दुसरी दिली होती, आठवतंय का? हीच गोळी घेतलेल्या खूप बायांची बाळंतपणं लोकांनी नोंदवून पाहिली आहेत आणि त्यातून काळजीचं काही निघालेलं नाही. शंभर टक्के हमी कुणीच देणार नाही, एकही गोळी न घेणाऱ्या बाईलाही देणार नाही. पण गोळी अचानक सोडली की काय होतं ते आज झालं, आणि पुढच्या वेळी जिन्यात झालं तर, किंवा फिट थांबलीच नाही तर, आई आणि बाळ दोघंही हातचे जातील. उलट पोटुशीपणी रक्तातलं औषध कमी पडतं, तेव्हा डोस वाढवावाही लागेल. मुलगी सगळ्याला हो हो म्हणाली. बाई गेल्या, नर्स छोट्या कपात गोळी घेऊन आली. मुलीनं गोळी घेतली, मूठ मिटली आणि नर्सला म्हणाली, घेते, जरा पाणी गार आहे. नर्स दुसऱ्या खाटेकडे गेली. मूठ मिटलेलीच. मी म्हटलं, घे. जावई म्हणाला, घे ना गं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल माया वाटली. ती मला म्हणाली, "आई, डॉक्टरांना पुस्तकात दिसतं. वहिनी त्या मुलांना समोर बसवून बघते. तिनं बघितलंय काहीतरी. ती उठली होती." आणि तोंड भिंतीकडे केलं. तिचे दात तिच्या आईचे आहेत, एकदा मिटले की उघडत नाहीत. मी बाहेर आले आणि मुलाला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बायकोला इथं पाठव. असेल तशी पाठव.

ती आली ती असेल तशीच आली, कामाची पिशवी खांद्याला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली तशी आत ठोकळे वाजले. पहिला प्रश्न, बाळ? मी म्हटलं, आहे. तिनं डोळे मिटून श्वास सोडला. मी मनाशी ठरवून बसले होते की हिला चांगली सोलून काढायची, शब्दही रचून ठेवले होते. पण त्या ठोकळ्यांच्या आवाजानं गाडी कुठंतरी अडली.

"गोळी बंद केली होती तिनं," मी म्हणाले.

"का?"

"तू उठलीस म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कधी उठले?"

आता बघा. आमच्या घरात तीन आठवडे जो प्रकार सगळ्यांच्या घशात अडकून बसला होता, तो हिला आठवतसुद्धा नव्हता. मी सांगितलं, रविवार, ताट, गॅलरी, काचेचं दार. तसा हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग उतरला. आणि मग ती बोलली, लग्न होऊन आल्यापासून जेवढी बोलली नसेल तेवढी एका दमात. ती जे सांगत होती ते मला एकदम कळलं नाही, दोनदा सांगायला लावलं. कोणत्या पोराच्या आईनं कोणती गोळी घेतली होती, हे तिला ठाऊकच नसतं. मुद्दाम ठाऊक होऊ देत नाहीत. ते दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या माणसांकडं असतं, कुलपात. हिच्यासमोर येतं ते नुसतं पोर. ही त्याचं जे बघते ते लिहिते, ते त्या दुसऱ्या खोलीत जातं, तिथं गोळ्यांची आणि पोरांची गाठ घालतात, आणि त्यातून जे निघतं ते डॉक्टरांकडं जातं. हिच्याकडं परत येत नाही. मला नाही सांगता यायचं, म्हणजे मला येतच नाही, असं ती इतके दिवस सांगत होती. पण आया घाबरलेल्या असतात, दारातच सुरू होतात, ताई, मी अमकी गोळी घ्यायची, म्हणून हा उशिरा बोलला का हो? नाव कानावर पडलं की ते पोर हिच्याकडून काढून तपासायला दुसऱ्या बाईला द्यावं लागतं, आणि त्या आठवड्यात असंच एक गेलं होतं. तेव्हापासून कुणी गोळीचं नाव घ्यायला लागलं की हिचे पाय आपोआप उठतात, आणि दार लावून घेतात. त्या रविवारीही उठले. आता मला त्यांच्या संस्थेची ती खोली आठवली, डबा द्यायला एकदा गेले होते तिथली. बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, आणि दारावर एक पाटी. मी अक्षर लावून लावून वाचते, ती पाटी वाचून होईपर्यंत लोक डबे खाऊन मोकळे झाले असतील. आतल्या ताईंना तुमच्या औषधाचं नाव सांगू नका, असं होतं तिच्यावर. मी मनात म्हटलं होतं, अजब दवाखाना आहे, औषधालाच घुंघट.

"कळलं तर काय होतं?" मी विचारलं.

"कळलं की दिसायला लागतं, आई. ठोकळा कुठल्याही पोराच्या हातून सुटतो. पण मला नाव माहीत असलं, की वाटतं, गोळीमुळं सुटला. आणि ह्या बाळाला तर मी रोज मांडीवर घेणार. त्याच्याकडं मला तसं बघायचं नाहीये."

टोकाच्या माणसाचा गुडघा थांबला होता. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते, तिथं हवेत थांबलेला एक चमचा होता, कित्येक वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याकडे वळलेल्या तीन माना. मी विचारलं, मग आत आल्यावर तेव्हाच का नाही बोललीस?

"कुणी काही विचारलंच नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी कुणी उठलं की आई ओरडून विचारायची, कुठं चाललीस. इथं सगळे जेवत होते. मला वाटलं, कुणाच्या लक्षातच आलं नाही."

आम्ही आत गेलो. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, मूठ छातीशी. आमची चाहूल लागली तशी वळली, आणि वहिनीला बघून तिचे डोळे भरले, सकाळपासून पहिल्यांदा. सुनेनं पिशवी खाली ठेवली, खाटेच्या कडेला बसली आणि मला बाहेर सांगितलं तेच तिला सांगितलं, कमी शब्दांत. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती, तरी तिला ते पुरत नव्हतं, मला दिसत होतं. इतके दिवस एका पाठीवरून जे वाचलं ते असं तोंडच्या बोलण्यानं पुसलं जात नाही.

"पण ती मुलं कशी असतात, वहिनी? तुझ्यासमोर येतात ती?"

"मुलांसारखी. एकानं परवा सगळे ठोकळे माझ्या पर्समध्ये भरले. एक येतं ते गोष्ट परत सांगताना तीत स्वतःला घालतं. काहींना वेळ लागतो. कोण कुठल्या गोळीचं, मला खरंच ठाऊक नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे. आम्ही इतकी वर्षं जे बघत आलो तेच त्या तुला सांगताहेत. माझ्या उठण्यावर नको जाऊस गं, त्यांच्या सांगण्यावर जा."

मुलगी म्हणाली, "मग आता नाव सांगते, ऐक. आणि नुसती बसून राहा."

जावई दारात होता, तो तिथंच थबकला. नाव ऐकलं असतं तर सुनेला उद्या मांडीवरच्या बाळाकडं नुसतं बाळ म्हणून बघता आलं नसतं, आणि न ऐकता उठली असती तर मूठ उघडली नसती. तिनं हात पुढं केला आणि मुलीची मिटलेली मूठ आपल्या तळव्यात घेतली. मग डोळे मिटले. गच्च नाही, झोपलेल्या माणसासारखे.

"नाव नको," ती म्हणाली. "पण मी इथंच आहे. तू घे. मी बघत नाही, आणि उठतही नाही."

वॉर्डात कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. मुलगी तिच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत होती. गप्प होती, चांगली खूप वेळ गप्प, आणि ह्या वेळी मीही मान वळवली नाही, जावयाकडे बघत राहिले, त्याच्या शर्टाला ग्रीसचा डाग होता, तो निघायला अवघड. मग पाण्याचा आवाज आला, गिळल्याचा आवाज आला, आणि ग्लास लोखंडी कपाटावर टेकल्याचा. मुलीनं आपली मूठ उघडून वहिनीच्या तळव्यावर पालथी घातली. रिकामी.

सुनेनं डोळे उघडले ते माझ्याकडे. बोलणी खायची तयारी होती तिची, मान जराशी खाली घेतली. चांगली सून आहे, पण ते तोंडावर सांगायची माझी रीत नाही. मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली, ठोकळे पुन्हा वाजले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"चूक तुझी. उठायचं नव्हतंस, डोळे मिटून बसायचं होतंस, आज बसलीस तशी. आणि पुन्हा माझ्या घरात न सांगता ताटावरून उठलीस, तर मी तुझ्यामागं गॅलरीत येणार आणि विचारणार."